तीन जिंकल्या, तेरा हरल्या, कोच तोच

अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉईट लायन्स या टीमने २०१७ च्या सीझननंतर जिम कॉल्डवेल या कोचला काढलं तेव्हा त्या वर्षीचं रेकॉर्ड होतं ९-७, म्हणजे नऊ जिंकल्या, सात हरल्या. आणि २०२१ च्या सीझननंतर डॅन कॅम्पबेल या कोचला ठेवलं तेव्हा रेकॉर्ड होतं ३-१३-१. तीन जिंकल्या, तेरा हरल्या, एक टाय. नुसते आकडे बघितले तर कुणीही म्हणेल की मालकांचं डोकं ठिकाणावर नाही, आणि इथे मिशिगनमध्ये, म्हणजे डेट्रॉईटच्या राज्यात, लोक वर्षानुवर्षं तेच म्हणत आलेत, पण गंमत अशी की यातला पहिला निर्णय साफ फसला आणि दुसरा सोन्यासारखा निघाला. हरणाऱ्या टीममध्ये कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा हे ओळखायचं कसं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो, गाड्यांच्या धंद्यात आहे. इथले निम्मे मराठी लोक त्याच धंद्यात असतात, त्यामुळे यात सांगण्यासारखं काही नाही. इथे आलात की थंडी, खड्डे आणि लायन्स या तीन गोष्टी आपोआप गळ्यात पडतात. टीम फोर्ड कुटुंबाच्या मालकीची, १९६० च्या दशकापासून. सुपर बोल, म्हणजे फायनल, तर सोडाच, १९९१ च्या सीझनमध्ये डॅलस काउबॉइजला हरवल्यानंतर प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, एकसुद्धा मॅच त्यांनी पुढची तीस-बत्तीस वर्षं जिंकली नव्हती. आमच्या ऑफिसमधला एक म्हातारा टेक्निशियन दर सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी 'सेम ओल्ड लायन्स' एवढंच म्हणायचा आणि कप भरून निघून जायचा. हे त्याचं वाक्य नाही, अख्ख्या गावाचं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सीझनमध्ये आता १७ मॅच, २०२० पर्यंत १६ होत्या. टीममध्ये ५३ खेळाडू. पगाराला वरून कडक मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, त्यामुळे मालक कितीही गब्बर असला तरी सगळे स्टार विकत घेऊ शकत नाही. जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या पोरांपैकी हवा तो आधी उचलायचा. नियमच असे बनवलेत की कोणी कायम तळाला राहू नये. आणि तरीही लायन्स तळाला राहिले, यावरून काय ते समजा.

तळ म्हणजे २००८. ०-१६. सोळाच्या सोळा हरलेली पहिली टीम. त्याच वर्षी प्रीसीझनच्या चारही मॅच ते जिंकले होते, म्हणजे सराव मॅचवरून माणसं जोखणाऱ्यांचं हसं तिथेच झालं. त्याआधी मॅट मिलन नावाचे गृहस्थ २००१ पासून टीम चालवत होते, त्यांनी २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घेतलाच. वाइड रिसीव्हर म्हणजे लांब पळून बॉल झेलणारा. बॉल फेकणाऱ्याला उभं राहायला दोन सेकंद मिळत नाहीत आणि तुम्ही झेलणारे जमवताय! मिलनच्या काळातलं एकूण रेकॉर्ड ३१-८४, आणि त्यांना काढायला सप्टेंबर २००८ उजाडावं लागलं. 'फायर मिलन'च्या घोषणा तर लोक बास्केटबॉलच्या मॅचला जाऊनसुद्धा द्यायचे.

त्याच २००८ मधला एक प्ले, म्हणजे एक डाव, अजून दाखवतात. मिनेसोटाविरुद्धची मॅच, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, डॅन ऑर्लोव्स्की आपल्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, मागे सरकतोय, समोरून जॅरेड ॲलन नावाचा पहाड अंगावर येतोय, आणि हा बिचारा त्याला चुकवत चुकवत मैदानाची मागची रेघ ओलांडून बाहेरून पळत सुटला, आणि रेघ ओलांडली हे त्याच्या गावीही नाही. शिट्टी वाजली, सेफ्टी, समोरच्या टीमला दोन पॉईंट. मॅच १२-१० ने गेली, म्हणजे बरोबर त्याच दोन पॉईंटनी. वर्षानुवर्षं लोकांनी त्या क्लिपवर हसून घेतलं. पण तो प्ले नीट बघा, ॲलन तिथपर्यंत मोकळा आलाच कसा, हा प्रश्न हसणाऱ्यांपैकी फार कमी लोक विचारतात. आणि हाच ऑर्लोव्स्की आज टीव्हीवर बसून बाकीच्या क्वार्टरबॅकच्या फिल्मची चिरफाड करतो आणि माझ्या मते फार चांगली करतो. त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार की स्क्रीनवर दिसतो तो चुकलेला माणूस आणि खरा चुकलेला माणूस वेगळे असू शकतात.

इथेच खरी मेख आहे. आपण क्रिकेटवर वाढलेले लोक, आपल्याला स्कोअरकार्डची सवय. कोणी किती काढल्या, कोणाला किती पडल्या, कोणाचा कॅच कोणी सोडला, सगळं एका पानावर. अमेरिकन फुटबॉलमध्ये असं पानच नाही. एका प्लेमध्ये २२ माणसं, चार-पाच सेकंदांचा खेळ, टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे, आणि त्यातल्या दहा-पंधरा जणांच्या नावावर त्या प्लेचा एकही आकडा लागत नाही. ऑफेन्सिव्ह लाईनमध्ये पाच जण असतात, प्रत्येकी तीनशे पौंडांचे, त्यांचं काम क्वार्टरबॅकसमोर भिंत करून उभं राहणं. नीट काम केलं तर त्यांचं नाव संध्याकाळभर कोणी घेत नाही. नाव घेतलं म्हणजे एक तर फाऊल केला नाहीतर बाजूने माणूस सुटला.

म्हणून कोच लोक बघतात ती फिल्म वेगळी असते. तिला ऑल-२२ म्हणतात, उंचावरून घेतलेली, बाविसच्या बावीस माणसं एका फ्रेममध्ये. आता ती पैसे भरून आपल्यालाही घरी बघता येते, आणि मी बघतो, बायको झोपली की. आवाज नसतो, कॉमेंट्री नसते, रिप्ले नसतो. समजा थर्ड डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न, आहे, आठ यार्ड हवेत. टीव्हीवर काय दिसलं? क्वार्टरबॅकने बॉल घेतला, इकडे तिकडे बघितलं, आपटला. सॅक. सोफ्यावरून आपण ओरडलो की फेक ना लेका, कशाची वाट बघतोस! ऑल-२२ मध्ये तोच प्ले लावा. डावीकडचा टॅकल, भिंतीच्या टोकाचा, आपला माणूस धरून उभा आहे. त्याच्या शेजारच्या गार्डनेही धरलाय. पण पलीकडून त्यांचा लाईनबॅकर, लाईनच्या मागे उभा असणारा, ब्लिट्झ करत म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जात थेट मधल्या फटीतून येतोय आणि त्याला उचलायचं काम बहुतेक रनिंग बॅकचं, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याचं, होतं, तो मात्र दुसरीकडेच बघतोय. बहुतेक म्हणतोय कारण मला माहीत नाही, ते काम सेंटरने, म्हणजे भिंतीतल्या मधल्या माणसाने, बॉल देण्याआधी ओरडून बदललंही असेल. वर रिसीव्हरने दहा यार्डांवर वळायचं होतं की बारावर, तेही मला माहीत नाही. म्हणजे डोळ्यांसमोर सगळं आहे आणि तरी गुन्हेगार कोण ते ठामपणे सांगता येत नाही, कारण कोणाला काय सांगितलं होतं ते फक्त त्या खोलीतल्या लोकांना माहीत.

पीएफएफ म्हणून एक कंपनी आहे, ती प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेमध्ये उणे दोन ते अधिक दोन असे मार्क देते. मी ते आकडे बघतो, वाद घालताना तोंडावर फेकतोसुद्धा. पण मार्क देणारा माणूसही माझ्यासारखाच बाहेर बसलेला आहे, माझ्यापेक्षा खूप जास्त फिल्म बघितलेला, एवढाच फरक. अगदीच टाकाऊ नाहीत ते मार्क, पण त्यावरून कोणाला 'कचरा' म्हणताना जरा दमानं घ्यावं.

जॅरेड गॉफचंच घ्या. २०१६ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर, लॉस एंजेलिस रॅम्सने घेतला. पहिल्या वर्षी सात मॅच सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. लगेच बस्ट, म्हणजे फुसका बार. बस्ट, बस्ट. पुढच्या वर्षी शॉन मॅकवे कोच म्हणून आला आणि हाच पोरगा प्रो बोलला, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला, त्याच्या पुढच्या वर्षी टीम सुपर बोलमध्ये. तिथे पेट्रियट्सने त्यांना तीन पॉईंटवर कोंडलं, १३-३, आणि मग हळूहळू परत सूर बदलला: गॉफ म्हणजे मॅकवेचा रिमोट कंट्रोल, स्वतःचं डोकं नाही. २०२१ मध्ये रॅम्सने लायन्सकडून मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला आणि बदल्यात गॉफ दिला, शिवाय ड्राफ्टमधले पिक, म्हणजे निवडीचे हक्क, दोन पहिल्या फेरीचे आणि एक तिसऱ्या फेरीचा. लोक म्हणायचे की ते पिक म्हणजे गॉफचा पगार गळ्यात बांधून घेण्याची फी. स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला. इकडे गॉफ जिंकेना. आणि मग तीन वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, घरच्या फोर्ड फील्डवर त्याच रॅम्सला, त्याच स्टॅफर्डला, गॉफने २४-२३ हरवलं, लायन्सची तीन दशकांतली पहिली प्लेऑफची जीत, आणि अख्खं स्टेडियम 'जॅ-रेड गॉफ, जॅ-रेड गॉफ' करत होतं. त्याच मे महिन्यात चार वर्षांचं २१.२ कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट.

माणूस एकच. हात तोच, पायांचा जडपणा तोच, गॉफला पळता येत नाही ते अजूनही येत नाही. बदललं काय, तर समोरची भिंत आणि कानात प्ले सांगणारा आवाज. मग मला सांगा, २०१६ मधला ०-७ हा गॉफचा निकाल होता की त्याच्या कोचचा?

आता उलट बाजू. कॉल्डवेलला काढलं तेव्हाचा युक्तिवाद असा की नऊ मॅच जिंकणं पुरेसं नाही, टीम यापेक्षा चांगली आहे, तगड्या टीम समोर आल्या की हा माणूस हरतो. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. चार वर्षांत ३६-२८, दोनदा प्लेऑफ, दोन्हीदा पहिलीच मॅच हरून परत. शांत माणूस, बाजूला हाताची घडी घालून उभा, टीव्हीवर अशा माणसाचं काही दिसत नाही. त्याच्या जागी आणला मॅट पॅट्रिशिया, पेट्रियट्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे बचावाचा कोच, तिथल्या नावाजलेल्या हेड कोच बिल बेलिचिकच्या हाताखालचा. त्याच्या डिफेन्सने डेट्रॉईटला येण्याच्या तोंडावरच सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाकडून ४१ पॉईंट खाल्ले होते, तेही कोणाला फारसं खटकलं नाही, कारण खानदान मोठं होतं ना.

पॅट्रिशियाचं झालं १३-२९-१. पण आकड्यापेक्षा मला राग येतो तो खेळाडूंबद्दल. डॅरियस स्ले नावाचा उत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणारा, त्याचं आणि कोचचं पटलं नाही, त्याला फिलाडेल्फियाला दिलं. क्वांड्री डिग्ज, सेफ्टी (इथे दोन पॉईंट नव्हे, बचावातला सगळ्यात मागचा माणूस) आणि कॅप्टन, त्याला सीझनच्या मध्यात सिॲटलला दिलं. डिग्ज तिथे जाऊन तीनदा प्रो बोलला गेला, स्ले पुढे सुपर बोल जिंकला. म्हणजे वाईट कोचचं नुकसान त्याच्या हरलेल्या मॅचपुरतं राहत नाही. जाताना तो आपल्याला न आवडलेले चांगले लोकही घालवून जातो, आणि नंतर येणाऱ्याला मोकळी कपाटं मिळतात.

नंतर आला कॅम्पबेल, जानेवारी २०२१. पहिल्याच पत्रकार परिषदेत हा जवळजवळ साडेसहा फुटी माजी टाईट एंड (लाईनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि बॉलही झेलणारा) म्हणाला की आम्हाला पाडलंत तर उठताना तुमच्या गुडघ्याची वाटी चावून घेऊ. देशभर हशा. मीही वैतागलो होतो, म्हटलं आणलं एक नवीन सोंग. त्याच्यासोबत जीएम, म्हणजे खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजर, म्हणून ब्रॅड होम्स, कॉलेजच्या पोरांना हेरण्यात आयुष्य घालवलेला, आणि तोही रॅम्समधलाच.

त्या सीझनमध्ये पहिल्या अकरा मॅचमध्ये एकही जीत नाही, दहा हार आणि पिट्सबर्गविरुद्ध पावसात १६-१६ टाय. सांगलीहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला, त्याला माझ्यामुळे थोडं वेड लागलंय, रात्री उशिरापर्यंत स्कोअर बघत बसतो. म्हणाला, "दाजी, दहा हरले की ओ, आणि अजून तोच कोच? आपल्याकडं पुतळे जाळले असते." मी म्हटलं, "बाबा, कसे हरले ते बघ." आणि खरंच ते बघण्यासारखं होतं. बॉल्टिमोरविरुद्ध शेवटच्या सेकंदाला जस्टिन टकरने ६६ यार्डांवरून किक मारली, तेव्हाचा एनएफएलचा, म्हणजे या लीगचा, विक्रम, बॉल आडव्या दांडीवर टप्पा खाऊन पलीकडे गेला, १९-१७. दोन आठवड्यांनी मिनेसोटाविरुद्ध परत १९-१७, परत शेवटच्या क्षणी किक, आणि नंतर पत्रकारांसमोर कॅम्पबेलच्या डोळ्यांत पाणी.

रडण्याचं सोडा, रडून कोणी चांगला कोच होत नाही. मी बघत होतो ते वेगळं. नोव्हेंबर-डिसेंबर आला, सीझन हातचा गेलाय, हाड मोडून घेण्यात कोणाचा काही फायदा नाही, अशा वेळी चौथ्या क्वार्टरमध्ये बॉलपासून वीस यार्ड लांब असलेला माणूस पळतोय का? ऑल-२२ मध्ये हे दिसतं. पॅट्रिशियाच्या शेवटच्या वर्षात तो माणूस चालत होता, म्हणजे मला तरी तसंच दिसायचं. कॅम्पबेलच्या पहिल्या वर्षी तो पळत होता. आणि दुसरं म्हणजे कॅम्पबेलने सीझनच्या मध्यात आपल्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकडून, म्हणजे हल्ल्याच्या कोचकडून, प्ले सांगण्याचं काम काढून स्वतःकडे घेतलं आणि टाईट एंडचा कोच असलेल्या बेन जॉन्सनला हळूहळू पुढे आणलं. स्वतःच नेमलेल्या माणसाबद्दल 'हे चालत नाहीये' असं पहिल्याच वर्षी मान्य करणं, ते मला पाच जिंकलेल्या मॅचपेक्षा मोठं वाटलं. डिसेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्धच, घड्याळ संपत असताना, गॉफने अकरा यार्डांवरून चौथ्या फेरीत घेतलेल्या एका पोराला बॉल दिला आणि २९-२७ ने पहिली जीत. त्या पोराचं नाव अमॉन-रा सेंट ब्राऊन. ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी सोळा रिसीव्हर घेतले गेले होते, त्या सोळांची नावं तो आजही क्रमाने म्हणून दाखवतो. सोळा वेळा तज्ज्ञ मंडळींनी त्याच्याकडे बघून दुसरा निवडला, आणि त्यात लायन्सनेही आधी दुसरी माणसं घेतलीच होती, हे होम्सचं कौतुक करणारे विसरतात.

पण खरी कसोटी २०२२. दुसरं वर्ष, आता 'नवीन आहेत' हे कारण संपलं, आणि सुरुवात १-६. मालकीण शीला फोर्ड हँप ऑक्टोबरमध्ये पत्रकारांसमोर आल्या आणि धीर धरा म्हणाल्या. इथे फोर्ड घराण्याला शिव्या घालणं हा लोकांचा छंद आहे, पण त्या दिवसाचं श्रेय द्यायला पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यात काय झालं बघा: मायामीकडून हरल्यावर डिफेन्सिव्ह बॅक्सच्या कोचला काढलं, टी.जे. हॉकेन्सन नावाच्या स्टार टाईट एंडला चक्क आपल्याच डिव्हिजनमधल्या, म्हणजे आपल्याच गटातल्या, मिनेसोटाला दिलं, आणि ज्याच्या डोक्यावर सगळ्यांचा राग होता, तो डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ॲरन ग्लेन, त्याला मात्र ठेवलं. डिफेन्स लीगच्या तळाला, रेडिओवर रोज ग्लेनच्या नावाने शिमगा, आणि ठेवलं. मला विचारलं असतं तर मीही त्याला घरी पाठवलं असतं. पुढच्या दहापैकी आठ मॅच जिंकले, शेवटची ग्रीन बेमध्ये जाऊन २०-१६, त्यांचाही सीझन संपवून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पटकन सांगतो. २०२३ मध्ये १२-५, तीस वर्षांनी डिव्हिजन जिंकली, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हाफटाईमला २४-७ पुढे असून ३४-३१ हार, त्यावर मी आजही बोलत नाही. २०२४ मध्ये १५-२, मग वॉशिंग्टनकडून घरच्या मैदानावर ४५ खाल्ले. आणि लगेच बेन जॉन्सन शिकागोचा हेड कोच म्हणून गेला, ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचा. पहिल्याच वर्षी जॉन्सनने शिकागोला डिव्हिजन जिंकून दिली, ग्लेनचे जेट्स ३-१४. एकाच खोलीतून निघालेले दोघं. यावरून जॉन्सन हुशार आणि ग्लेन ढ असं ठरवणारे लोक माझ्या ऑफिसमध्ये आहेत, त्यांना मी फक्त जेट्सच्या क्वार्टरबॅकची नावं विचारतो.

आणि लायन्स? २०२५ मध्ये ९-८, प्लेऑफ नाही. गंमत म्हणजे कॅम्पबेलला काढा असं फारसं कोणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच आहे, पण मग कॉल्डवेलला का नाही मिळाला तो धीर, तर तो कधी गुडघ्याची वाटी चावतो म्हणाला नाही म्हणून? थोडं तसंच आहे, मला वाटतं. आवडत्या माणसाच्या नऊ मॅच आणि नावडत्याच्या नऊ मॅच सारख्या मोजल्या जात नाहीत.

या वेळी खापर फुटलं नव्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरवर, जॉन मॉर्टनवर. नोव्हेंबरमध्ये कॅम्पबेलने प्ले सांगणं परत स्वतःकडे घेतलं आणि जानेवारीत मॉर्टनला काढलं. आता यात गोम अशी की ज्या उन्हाळ्यात जॉन्सन नव्हता, त्याच उन्हाळ्यात सेंटर फ्रँक रॅगनाऊ रिटायर झाला, वयाच्या २९ व्या वर्षी, अंगाची पार चाळण झाली होती. उजवा गार्ड केविन झाइटलरही दुसऱ्या टीमकडे गेला. म्हणजे प्ले सांगणारा गेला आणि मधली भिंतही गेली, एकदम, आणि गॉफसारख्या न पळणाऱ्या क्वार्टरबॅकला मधून येणारा माणूस सगळ्यात वाईट. नोव्हेंबरमध्ये रॅगनाऊ परत येतो म्हणाला, आम्ही नाचलो, आणि मेडिकलमध्ये त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटलेली निघाली.

मग मॉर्टन वाईट होता का? मी डिसेंबरच्या मॅचची फिल्म परत परत लावून बघितली. तेव्हा प्ले कॅम्पबेल सांगत होता, आणि तरी मधली फट तशीच होती. माझा हिशेब विचाराल तर निम्मा दोष सेंटरच्या जागेचा. पण जागेला काही नोकरीवरून काढता येत नाही, मॉर्टनला येतं. मेव्हण्याला हे फोनवर समजावत होतो तर म्हणाला, "मग दाजी, नवीन सेंटर घ्यायला सांगा की त्यांना." बघू, ड्राफ्ट एप्रिलमध्ये असतो.